पडलेले झाड, मोडलेली फांदी : वाचकांचे प्रश्न

वळवाच्या वादळी पावसानंतर गोव्यातून झाडांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. बहुतेकांनी फोटोत झाडाचा शेंडा दाखवला आहे. यापुढे बुंध्याचा आणि बुंध्याभोवतीच्या मातीचा फोटोही जरूर पाठवा. झाड ठेवायचे की काढायचे, हे बहुतेक वेळा तिथेच कळते.

प्रश्न : घरामागचा जुना आंबा मुळासकट कलंडून पडवीच्या कौलांवर टेकला आहे. खांबावरून घरात येणारी विजेची तार त्याच्या फांद्यांत अडकली आहे. वाड्यावरची मुले चेनसॉ घेऊन यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, कवळे, फोंडा

मुलांना थांबवा. तार मोकळी झाल्याशिवाय झाडाला, कौलांना किंवा पन्हाळीच्या पत्र्याला कोणी हात लावू नये. ओले लाकूड वीज वाहून नेते. घरातले दिवे गेले म्हणजे तार मेली, असे नसते. दुसरा फेज चालू असू शकतो, आणि बंद लाईन कधीही पुन्हा चालू केली जाऊ शकते. मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतची तार जिवंतच राहते. वीज खात्याच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा, खांबावरचा क्रमांक सांगा आणि लाईनमन येऊन तार सोडवेपर्यंत निदान १० मीटर लांब राहा. तार जमिनीवर पडलेली असेल आणि तुम्ही तिच्या जवळ असाल तर ढांगा टाकू नका, पावले जोडून सरकत सरकत मागे या. घराला जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विचशिवाय तो वायरिंगला जोडू नका. त्यातून उलटी गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव घेऊ शकते.

घरात कोणी अडकले असेल किंवा रस्ता बंद झाला असेल, तर १०१ वर अग्निशमन दलाला किंवा ११२ वर कळवा. नुसती पडवी मोडली असेल, तर मोठ्या वादळाच्या दिवशी तुमची पाळी उशिराने येईल आणि तसेच योग्य आहे. तोवर पडवीखालचे सामान काढायला आत जाऊ नका. झाडाचे वजन सध्या दोन-चार वाशांवर तोललेले आहे आणि पावसाने पाने भिजली की ते आणखी वाढते. जमल्यास चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, पुढे नुकसानभरपाईला लागतील.

तार निघाल्यावर कापणी बाहेरच्या टोकाकडून सुरू होते, बुंध्याकडून नाही. आधी बारीक फांद्या आणि पाने उतरवून वजन हलके करायचे. मग छपरावरच्या मोठ्या फांद्या दोराने वर बांधून, हातभर लांबीचे तुकडे करून एकेक खाली सोडायचे. अख्खे झाड जेसीबीने ओढून काढले तर कौलांसोबत वासे आणि भिंतीवरचे चिरेही खेचले जातात. कौलांवर उभे राहून कोणी चेनसॉ चालवू नये, आणि खांद्याच्या वर तर कुठेच चालवू नये.

पडलेले खोड कापताना करवत अडकते किंवा लाकूड उसळते, याचे कारण लाकडातला ताण. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये लोंबते असेल तर त्याची वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणाखाली. अशा वेळी आधी वरून एक तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्यायचा आणि उरलेले खालून कापायचे. एकच टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल तर हे उलटे : आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. वाकून दबलेल्या बारीक फांद्या कापणाऱ्याच्या तोंडावर फटका मारतात. त्या एका घावात न तोडता आतल्या बाजूने थोड्या थोड्या छेदत सैल कराव्यात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उन्मळलेल्या झाडाची मुळे मातीच्या भल्या मोठ्या चकतीसकट उभी राहिलेली असतात. खोड कापून वजन सुटले की ही चकती क्षणात खड्ड्यात परत बसू शकते. त्या खड्ड्यात मुले खेळायला उतरतात, कोणी मुळाशी बसून विडी ओढतो. खोडाचा बुंध्याजवळचा दीड-दोन मीटर भाग कापायचा नाही, चकती दोराने मागे बांधून ठेवायची आणि खड्ड्याजवळ कोणालाही फिरकू द्यायचे नाही.

चेनसॉ चालवणाऱ्याकडे हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, बूट आणि मांड्यांना जाड संरक्षक कापड हवे. लुंगी आणि चपलांवर आलेल्या माणसाला काम देऊ नका.

प्रश्न : पाच वर्षांचे आंब्याचे कलम आणि साधारण तेवढ्याच वयाचा फणस वाऱ्याने आडवे झाले. फणसाचे मूळ एका बाजूला जमिनीतच आहे. उभे केले तर जगतील का?
— एक वाचक, माशेल

मनगट ते दंडाएवढे, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटरपर्यंत जाडीचे खोड असेल आणि निम्म्याहून अधिक मुळे शाबूत असतील तर प्रयत्न जरूर करा. दिवस मात्र दोनच समजा. उघडी मुळे उन्हात काही तासांतच सुकतात, म्हणून पहिले काम ओले गोणपाट. मुळांवर ते टाकून सतत भिजते ठेवा.

झाड उभे करायच्या आधी खड्ड्यात मुळांसाठी जागा करा. लोक इथेच चुकतात. ते झाड ओढून उभे करतात आणि खाली दुमडलेली मुळे तशीच दाबून माती लोटतात. मोडलेल्या बाजूखालची माती खणून काढा, चेचलेल्या मुळांची टोके धारदार कोयत्याने सरळ कापा, मग दोराला गोणपाट गुंडाळून झाड हळूहळू वर आणा. फणसाच्या जमिनीत राहिलेल्या मुळांना पीळ पडू देऊ नका, कारण आता सगळा भार त्यांच्यावर आहे. झाड आधी जितके खोल होते तितकेच ठेवा. खोडाशी जास्त माती चढवली तर साल कुजते. माती पायाने हलकी दाबा, पाणी घालून हवा काढा.

आधाराला तीन खुंट, बुंध्यापासून अर्धा-पाऊण मीटर लांब. बांधायला सायकलची ट्यूब किंवा रुंद पट्टी वापरा. तार किंवा नायलॉनची दोरी सालीत रुतते. बांध खोडाच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर आणि थोडा सैल असावा. वाऱ्यात खोड जरा हलले की ते जाड होते आणि मुळे पकड घेतात. एका पावसाळ्यानंतर आधार सैल करून पाहा आणि वर्षभरात काढून टाका. पहिले वर्षभर खत नको. छाटणी फक्त मोडलेल्या फांद्यांची, कारण नवी मुळे पानांनी केलेल्या अन्नावरच येतात.

याहून मोठे झाड उभे करण्याच्या फंदात घराजवळ तरी पडू नका. ते उभे राहते, पालवीही धरते, आणि तुटलेल्या मुळांच्या विरुद्ध बाजूला पुढच्या एखाद्या पावसाळ्यात पुन्हा आडवे होते.

प्रश्न : अंगणातल्या हापूसची एक जाड फांदी अर्धी चिरून लोंबते आहे, खोडाची साल खाली फूटभर सोलली गेली आहे. झाडे कापणारा सांगतो, सगळ्या फांद्या वरून एकसारख्या छाटू आणि कापलेल्या जागांना डांबर लावू. म्हणजे पुन्हा वारा लागणार नाही. पैसे नको म्हणतो, लाकूड नेईन म्हणतो.
— एक वाचक, डिचोली

लाकडाच्या बदल्यात छाटणी करून घेऊ नका. त्याची मजुरी लाकडात आहे, त्यामुळे जितके जास्त कापेल तितका त्याचा फायदा.

डोके उडवलेले झाड वाऱ्याला टिकते, हा समज फार घट्ट रुजलेला आहे आणि फार घातक आहे. जाड फांद्या मध्येच तोडल्या की थोटकांच्या टोकांतून एकेका जागी दहा-पंधरा कोंब उसळतात. हे कोंब फांदीच्या गाभ्यातून आलेले नसतात, ते वरच्या सालीलगत चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते जाड आणि पानांनी जड होतात. तोवर खालचे थोटूक कुजू लागलेले असते, आणि पुढच्या वादळात तेच कोंब बुडातून निखळून पडतात. शिवाय एवढी पाने एकदम गेली की खोडाच्या सालीवर थेट ऊन पडून ती तडकते आणि तिथे खोडकिडा शिरतो. निरोगी झाडाची एका वर्षात एक चतुर्थांशाहून जास्त पाने काढू नयेत, आणि ज्याची आधीच फांदी मोडली आहे त्याची तर तितकीही नाही.

तुमच्या झाडाची मोडलेली फांदीच फक्त काढायची आहे. ती जिथून फुटते तिथे बुडाशी सालीचा थोडा फुगीर, सुरकुतलेला पट्टा दिसेल. जखम भरून काढणाऱ्या पेशी त्या पट्ट्यात असतात, म्हणून तो पट्टा खोडावर राहिला पाहिजे. काप तीन घ्यायचे. पहिला खोडापासून सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावर, खालून वर, फांदीच्या पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या ५ सेंटीमीटर पुढे, वरून खाली. फांदी इथे तुटून पडेल आणि पहिल्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत जाणार नाही. तिसरा काप उरलेल्या थोटकाचा, फुगीर पट्ट्याच्या लगेच बाहेर. खोडाला चाटून कापू नये आणि खुंटीसारखे थोटूकही ठेवू नये. चाटून कापले तर जखम नाहक मोठी होते. थोटूक ठेवले तर ते वाळते, कुजते आणि बुरशीला आत जायला वाट मिळते.

सोललेल्या सालीच्या जागी धारदार सुरीने फक्त लोंबती, सुटलेली साल काढा. चिकटलेल्या हिरव्या सालीत घुसू नका आणि लाकूड खरवडू नका. जखम खोडाच्या घेराच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर झाड ती हळूहळू कडेने झाकून घेते.

डांबर, ऑईल पेंट, शेण, सिमेंट यांतले काहीही लावू नका. झाड जखम आतून बंद करते, म्हणजे इजा झालेल्या लाकडाभोवती भिंत उभी करून कूज तिथेच अडवते. वरून डांबर फासले की ओल आत कोंडते आणि बुरशीला हवे ते मिळते. मात्र आपल्याकडे कापणी बहुधा भर पावसाच्या तोंडावर होते, आणि आंब्यासारख्या फळझाडाला तेव्हा बुरशीचा धोका खरा असतो. म्हणून फळझाडांच्या मोठ्या कापांवर १० टक्के बोर्डो पेस्टचा एक हात द्यायला हरकत नाही. घरगुती प्रमाण असे : १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवायचा, चुना निवल्यावर गाळून घ्यायचा आणि मग दोन्ही एका वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या. लोखंडी किंवा पत्र्याची चालत नाहीत. चाकूचे स्वच्छ पाते मिनिटभर त्यात बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घाला. नाहीतर पेस्टने साल भाजते. बनवलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा.

चढणारा माणूस खिळे लावलेले बूट घालून जिवंत झाडावर चढत असेल तर त्यालाही नाही म्हणा. प्रत्येक पावलाला एक जखम होते.

प्रश्न : आमच्या माडांचे बरेच नुकसान झाले. दोन माडांचे शेंडे मोडले, तीन वाकडे झाले आणि एक पडला. पडलेल्याचे खोड बागेतच आहे. पाडेली (नारळ पाडणारा) म्हणतो, वाकडे माड काढून टाका. त्याशिवाय बऱ्याच माडांच्या झावळ्या मोडून लोंबताहेत, त्या सगळ्या कापून स्वच्छ कराव्यात का?
— एक वाचक, पेडणे

माडाला आंब्याचे नियम लावू नका. माडाच्या खोडाला जखम झाली तर ती कधीच भरून येत नाही, आणि वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या गाभ्यात. तो वाचला तर माड वाचला.

शेंडा मोडलेल्या माडांसाठी घाई नको. पाडेलीला वर पाठवून मधली सुरळी, म्हणजे न उघडलेले पान, तपासून घ्या. ती घट्ट आणि हिरवी असेल तर तिच्यावर आणि शेजारच्या पिड्यावर (झावळीच्या देठावर) एकाच पातळीला रंगाची खूण करा. महिन्याभराने सुरळीवरची खूण स्पष्ट वर सरकलेली दिसली तर कोंब जिवंत आहे. सुरळी हलक्या हाताने ओढताच निघून आली आणि बुडाला कुजका वास असेल, तर कोंब कुजतो आहे. अशा वेळी कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी पांढऱ्या भागापर्यंत साफ करून तिथे बोर्डो पेस्ट लावा, वर पाणी साचू नये म्हणून पसरट मडके किंवा प्लास्टिक उलटे ठेवा आणि शेजारच्या माडांच्या शेंड्यांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. त्याचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. शेंडा पूर्ण तुटून खोड बोडके राहिले असेल तर तो माड संपला. त्याला पालवी फुटत नाही.

वाकडे माड. इथे पाडेलीचे म्हणणे सरसकट मानू नका. आधी वाक जुना की नवा ते पाहा. किनाऱ्याकडे, प्रकाशाकडे वर्षानुवर्षे झुकलेल्या माडाचे खोड कमानीसारखे असते आणि शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. तो माड अनेकदा सरळ माडापेक्षा घट्ट उभा असतो. नव्याने कललेला माड मात्र खालपासून वरपर्यंत एका रेषेत तिरपा दिसतो, शेंडाही तिरपा, आणि कलाच्या विरुद्ध बाजूला बुंध्याजवळ मातीत अर्धगोल भेग पडलेली असते. ही भेग बोटभर रुंद असेल, वाऱ्यात उघडझाप करत असेल आणि माड घर, रस्ता किंवा गोठ्याच्या दिशेने कलला असेल, तर तो वरून तुकडे करत काढून घ्या. भेग नसेल आणि पडण्याच्या पट्ट्यात काही येत नसेल तर बुंध्याभोवती दीड-दोन फूट मातीचा भर द्या. माडाच्या बुडातून नवी मुळे फुटतात आणि भर दिलेल्या मातीत ती पकड धरतात. हा उपाय माडापुरताच आहे. आंब्या-फणसाला असा भर देऊन त्यांची साल कुजवू नका.

झावळ्या. तुटून लोंबणाऱ्या आणि वाळलेल्या काढा, बाकीच्या हिरव्या ठेवा. एखादी हिरवी झावळी कापावीच लागली तर खोडापासून सुमारे एक मीटर पिडा राखून कापा. ताज्या जखमेचा वास सोंड्या भुंग्याला दुरून येतो. जखम खोडाजवळ असली तर मादी तिथेच अंडी घालते, अळ्या थेट खोडात शिरतात, आणि बाहेरून कळते तेव्हा आत पोकळ झालेले असते. बुंध्यातून तपकिरी चिकट द्राव येणे, भुसा दिसणे, खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येणे, या त्याच्या खुणा. म्हणून वादळानंतर पहिले दोन-तीन महिने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक माडाभोवती एक फेरी मारा.

आता पडलेले खोड. पत्रात तुम्ही ते ओझरते लिहिले आहे, पण आमच्या दृष्टीने तुमच्या बागेतला सर्वांत मोठा धोका तोच आहे. कुजते माडाचे खोड आणि शेणखताचा खड्डा ही गेंड्या भुंग्याची घरे आहेत. तिथे वाढलेले भुंगे बाहेर पडून उभ्या माडांची सुरळी पोखरतात. उघडलेल्या पानावर कातरीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात, ते याचे काम. ते खोड कुजायच्या आत, म्हणजे दोन महिन्यांत, उभे फाडून सुकवा आणि जळणाला वापरा किंवा बागेबाहेर न्या. खुंटही काढा किंवा मातीखाली गाडा. तरुण माडांना प्रतिबंध म्हणून सुरळीच्या बुडाशी पानांच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकावी आणि दर ४५ दिवसांनी पुन्हा घालावी.

प्रश्न : काजूची फांदी फाटली आणि बुंध्याशी लालसर भुसा दिसतो. वादळामुळे का?
— एक वाचक, वाळपई

भुसा वादळाचा नाही. तो खोड-मूळ पोखरणाऱ्या किड्याचा आहे आणि तो आधीपासून आत असणार. वादळाने फक्त कमजोर झाड दाखवून दिले. भुसा आणि डिंक जिथून येतो तिथली साल छिन्नीने उघडा, बोगद्याच्या वाटेने जाऊन पांढरी अळी बाहेर काढा आणि मारा. बुंध्याभोवतीची निम्म्याहून जास्त साल खाल्ली गेली असेल आणि पाने पिवळी पडली असतील तर झाड वाचत नाही. ते मुळासकट काढा, नाहीतर तिथून किडा शेजारच्या काजूंवर जातो. औषध लावायचे असल्यास ते कोणते आणि किती, हे विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत भुशाचा फोटो दाखवून विचारा.

प्रश्न : शेजाऱ्यांचे सातवणीचे झाड आमच्या घराकडे कलले आहे. सांगूनही ते काढत नाहीत. आम्ही कापले तर गुन्हा होईल का? आणि आमच्याच जागेतले पडायला आलेले झाड कापायलाही परवानगी लागते का?
— एक वाचक, म्हापसा

दुसऱ्याच्या जागेतले झाड स्वतः कापू नका. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि खासगी जागेतले, अगदी स्वतःचे झाड तोडायलाही वन खात्यातल्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माड परवानगीशिवाय तोडला तरी चालतो, असे अजून काही जण सांगतात. २०१६ च्या दुरुस्तीत माड झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला होता, त्यामुळे हा गैरसमज राहिला आहे. नंतर त्याला पुन्हा कायद्यात आणले गेले.

शेजाऱ्यांना आधी लेखी पत्र द्या, सोबत मुळाजवळच्या भेगेचा तारीख दिसणारा फोटो जोडा आणि पोच घ्या. त्याची प्रत पंचायतीला किंवा पालिकेला द्या. तरीही काही झाले नाही तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पडून इजा होईल अशा स्थितीतले झाड काढायला किंवा त्याला आधार द्यायला मालकाला भाग पाडण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. अर्जात ‘झाड धोकादायक आहे’ एवढेच लिहू नका. झाडाची उंची, घरापासूनचे अंतर, कोणत्या दिशेला कल, बुंध्याला पोकळी किंवा भूछत्रे आहेत का, हे लिहा. उंचीपेक्षा अंतर कमी आहे हे आकड्यांत दिसले की पाहणीला येणाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाते.

तुमच्या स्वतःच्या झाडाने घरावर झेप घेतलीच असेल आणि वाट पाहण्यात जीव जाण्याचा धोका असेल, तर फोटो काढा, पंचाला किंवा शेजारच्या दोघांना साक्षीला ठेवा, तेवढाच धोकादायक भाग काढा आणि २४ तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा. पडलेले लाकूड विकण्याआधी किंवा ट्रकमध्ये भरून नेण्याआधीही वन खात्याला विचारा. कागदाशिवाय वाटेत अडवले तर लाकूड आणि गाडी दोन्ही अडकतात.

प्रश्न : भरपाई कुठून मिळते?
— एक वाचक, काणकोण

घर आणि बाग वेगवेगळे धरा. बागायतीच्या नुकसानीसाठी राज्याच्या कृषी संचालनालयाचा शेतकरी आधार निधी आहे. कृषी कार्ड आणि फोटो घेऊन तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात लगेच अर्ज द्या आणि पाहणी होईपर्यंत पडलेली झाडे शक्यतो हलवू नका. घराचा विमा असेल तर पॉलिसी उघडून वाचा. एप्रिल २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ आणि झाड पडून झालेले घराचे नुकसान दोन्ही येतात. ढिगारा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, म्हणून झाड कापणाऱ्याची पावती मागून घ्या. झाडाची स्वतःची किंमत त्यात मिळत नाही. गाडीवर फांदी पडली असेल आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर काही मिळणार नाही.

प्रश्न : तौक्ते वादळात आमच्या वसाहतीतली पाच-सहा झाडे पडली, सगळी मुळासकट, आणि वरून सगळी हिरवीगार होती. आता अंगणात दोन गुलमोहर आणि एक मोठा रेन ट्री आहे. भोवती पेव्हर्स घातले आहेत. पावसाआधी काय तपासावे?
— एक वाचक, पर्वरी

मे २०२१ च्या तौक्तेनंतर गोव्यात जी झाडे पडली त्यांत अशी हिरवीगार पुष्कळ होती. पाने हिरवी असणे म्हणजे पाणी वर जाते आहे, एवढेच. झाडाला धरून ठेवणारी जाड मुळे कुजलेली असली तरी बारीक मुळे काही वर्षे पाणी पुरवत राहतात. त्यात आपल्याकडे जांभ्याचा थर अनेक ठिकाणी हातभर खाली लागतो. मुळे खोल न जाता आडवी पसरतात, आणि चर खणताना, गटार बांधताना किंवा पेव्हर्स बसवताना नेमकी तीच कापली जातात.

म्हणून आधी विचारा : गेल्या काही वर्षांत या झाडांच्या तीन-चार मीटरच्या आत पाईपसाठी, भिंतीसाठी किंवा गटारासाठी खणले होते का? कोणत्या बाजूला? त्या बाजूची मुळे तुटलेली असतील तर झाड विरुद्ध बाजूला पडेल. मग बुंध्याभोवती फिरून पाहा. बुंधा जमिनीत शिरताना पायथ्याशी रुंद होत गेलेला दिसला पाहिजे. विजेच्या खांबासारखा सरळ आत शिरत असेल तर वर मातीचा किंवा काँक्रीटचा भराव झाला आहे. लाकडी मुठीच्या हातोड्याने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोका, भरीव आणि पोकळ आवाज सहज वेगळे कळतात. बुडाशी किंवा मुळांवर टणक, पंख्यासारखी भूछत्रे दिसली तर आत कूज बरीच पुढे गेलेली असते, अशा झाडाची जाणकाराकडून तपासणी लगेच करून घ्या. एका बाजूचे पेव्हर्स अलीकडेच उचलले गेले असतील तर ती बाजू विशेष नजरेखाली ठेवा.

दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकत्र येतात का, ते वर पाहा. त्यांच्या बेचक्यात साल आत दबत जाते आणि सांधा जुळतच नाही. वादळात झाड तिथून उभे चिरते. रुंद बेचके घट्ट असते. गुलमोहर आणि रेन ट्री दोन्ही पसरट, ठिसूळ लाकडाची. त्यांच्या लांब आडव्या फांद्यांचे टोकाकडचे वजन कमी करावे. फांदी आतून साफ करून टोकाला झुपका ठेवू नये. सगळा भार टोकाला गेला की ती वाऱ्यात मध्येच मोडते. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. आपल्याकडे मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण वाऱ्यासह वळीव मेमध्येच गाठतो.

पेव्हर्स बुंध्यापासून निदान एक मीटर मागे घ्या, जमेल तितके जास्त. मोकळ्या झालेल्या जागेत कुदळ मारू नका, खाली मुळे आहेत. हाताने माती सैल करा आणि वाळलेल्या पानांचा किंवा बारीक केलेल्या फांद्यांचा ५ ते ८ सेंटीमीटर थर द्या. तो थर बुंध्याला टेकू नये, चार बोटे जागा सोडा. नवे झाड लावायचे झाले तर घरापासूनचे अंतर त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीवरून ठरवा, रोपाच्या उंचीवरून नाही. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि रेन ट्री घराजवळ नकोत. कोकम, जांभूळ, बकुळ ही अंगणात चांगली, आणि कोकम तर लहानशा जागेतही मावते.

प्रश्न : तोडलेल्या फणसाचे लाकूड ठेवून दार करायचे आहे. कसे ठेवावे?
— एक वाचक, सांगे

परवानगीचा कागद झाल्यावर ओंडके पंधरा दिवसांच्या आत सॉ मिलवर नेऊन फळ्या काढून घ्या. साल असलेला ओंडका पावसात पडून राहिला तर भुंगे लागतात. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑईल पेंट जाड लावा, टोके लवकर सुकून चिरतात. फळ्या छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच, प्रत्येक थरात एका रेषेत बोटभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा आणि वर वजन ठेवा. दीड इंची फळीला निदान दीड-दोन वर्षे द्या. एक उन्हाळा झाला की लगेच दार करायला घेऊ नका, पहिल्याच पावसाळ्यात ते चौकटीत अडकेल.